जात दाखवली

प्रिय बारके,

तुला हसू येईल, पण मला हल्ली किळस येते. मला! दिवसभर लोकांचं रक्त, थुंकी, लघवी आणि शौच तपासणारी मी, दुपारी त्याच खोलीत पडद्यापलीकडे बसून पोटभर जेवणारी मी. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळतात तेव्हा मीच त्यांना समजावते की अगं, हे सगळं माणसाच्या आतलंच आहे, तुझ्याही आत आहे. तर अशा माझ्या घशाखाली गेल्या रविवारपासून घास उतरत नाही. कशामुळे ते सांगते, पण क्रमाने सांगू दे. अर्धवट सांगितलं तर माझ्या हातून कुणावर तरी अन्याय होईल, आणि तो अगदी मामांवर झाला तरी मला चालणार नाही.

तुझं पत्र मिळालं आहे. ते मिळूनही इथून कुणी उत्तर दिलं नाही, याचा अर्थ तू काय लावून बसली असशील हे मला दिसतंय. तू एकटी, म्हणून तुला काही झालं तर तू दत्तक घेतेयस त्या मुलीला कोण सांभाळणार ते संस्थेला लेखी हवंय आणि नात्यातल्या एका माणसाचं नाव पडल्याशिवाय ते मुलीला तुझ्या घरी पाठवणार नाहीत, हे मी नीट वाचलं. आईचं नाव घालू का असं तू विचारलंस तेही वाचलं. त्यावर येतेच. आधी मांजराबद्दल सांगते. विषय टाळतेय असं समजू नकोस.

मांजर मी भटक्या प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलं. पिंजऱ्यावर पुठ्ठा लावलेला होता: जात पर्शियन मिश्र, स्वभाव अतिशय शांत. खरोखरच ती कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती, राखाडी, लांब केसांची, शेपटी अंगाभोवती गुंडाळून. मी हात लावला तरी हलली नाही. तिथला माणूस म्हणाला, घेऊन जा, असं गरीब मांजर पुन्हा मिळायचं नाही. आईने घरात शिरताच तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. पर्शियन म्हटल्यावर काय, साध्या बशीत दूध कसं द्यायचं! कपाटातून काचेची वाटी निघाली. तुझ्यामाझ्यासाठी ती कधी निघाली नव्हती. शेजारच्या बाई पाहायला आल्या तेव्हा आई दारातच त्यांना सांगत होती, आमची शेल्टरची असली तरी चांगल्या जातीची आहे हो.

बाईसाहेब आठवडाभर कपाटाखाली होत्या. मग बाहेर आल्या आणि घरात जे सुरू झालं ते काय सांगू. पांघरुणाखाली पायाचा अंगठा हलला की झडप. कुणी उचलायला गेलं की कान मागे, शेपटीचा बाटली साफ करायचा ब्रश झालेला, आणि घशातून असा आवाज की मिक्सर बिघडलाय असं वाटावं. आईच्या चपलेत तिने केसांचा ओला गोळा ओकला, तोही आई पाय घालायच्या जरा आधी. वॉशिंग मशीनवरची जागा तिची, तिथे कपडे ठेवले की एकेक करून खाली. आईने वाटी परत कपाटात ठेवली आणि नाव बदललं. आता ती अवदसा.

माझंही ऐक. मी काय केलं असेल? पुस्तक आणलं. मांजरांच्या जाती, प्रत्येकीचे फोटो, प्रत्येकीचा स्वभाव. मी बसून तिच्या कपाळावरचे पट्टे, नाकाची लांबी, कानांतले केस ताडून पाहत होते. मामांना फोटो पाठवले तर त्यांनी मोबाईलवर शोधून आणखी भलभलत्या जातींची नावं कळवली. मला तेव्हा फार शास्त्रीय वाटत होतं हे. लस द्यायला तिला डॉक्टरकडे नेलं तर त्या बाईंना मी विचारलं, ही नक्की कुठल्या जातीची? त्या सुई भरता भरता म्हणाल्या, मांजर जातीची. मी म्हटलं, पण केस लांब आहेत. तर म्हणाल्या, केस लांब आहेत म्हणजे विंचरावे लागतील, त्यापलीकडे काही नाही. शेल्टरमधल्या बहुतेक मांजरांना जातबीत नसते, लोक मागतात म्हणून पुठ्ठ्यावर लिहितात. पिल्लू असताना माणसाचा हात किती लागला, काय सोसलं, यातून स्वभाव पुष्कळसा ठरतो. मग मी शांतपणाचं विचारलं. पिंजऱ्यात ती एवढी गरीब होती, घरात येऊन बिघडली कशी? त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, पिंजऱ्यात ती शांत नव्हती हो, भीतीने थिजली होती. आता तिला वाटायला लागलंय की इथे नको म्हटलं तर चालतं. म्हणून नको म्हणतेय.

हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टरांना काय जातंय बोलायला, चपला त्यांच्या नव्हत्या.

आता रविवार. मामा-मामी चहाला आले. मामा आल्याआल्या बोबडं बोलत अवदसेच्या मागे. मी दोनदा सांगितलं, मामा, तिला उचलू नका, पोटाला हात लागलेला तिला खपत नाही. अगं जा, आम्ही लहानपणी घरभर मांजरं पाळलीत, तू मला शिकवतेस! असं म्हणत त्यांनी तिला उचललं ते थेट उताणं, तान्ह्या बाळासारखं. तिने एकदा आवाज केला. मग मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा काढला आणि घाबरून त्यांच्या पँटवर मुतली. मामांनी तिला टाकलंच खाली. आणि म्हणाले, दाखवली! शेवटी जात दाखवलीच!

मामी हसल्या, तोंडात बिस्किट असताना. मीही हसले असते कदाचित, पँट पाहून. पण आई कापूस घेऊन मामांचा हात पुसत होती, आणि पुसता पुसता, त्याच आवाजात, जसं काही एकच गोष्ट चालू आहे, ती म्हणाली, म्हणूनच मी म्हणते, बारकीला कुणीतरी आवरा. कुणाची पोर, कुठलं रक्त, आज गप्प बसते म्हणून काय झालं. मामी म्हणाल्या, मांजर निदान परत तरी देता येतं. त्यावर मामांनी काय म्हणावं? चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले, नाही नाही, तिथेही काही मुदत असणार, सुरुवातीला बघतातच ना जमतंय का ते. मुदत संपायच्या आत काय ते ठरवायचं. बिस्किटाचा तुकडा कपात पडला. तो त्यांनी बोटाने काढून खाल्ला. त्या बोटावर रक्त होतं, ओरखड्याचं, आणि मांजराची लव होती.

मी तेव्हा फडकं घेऊन जमिनीवरचं मांजराचं मूत पुसत बसले होते. बारके, त्या खोलीत मला ज्याची किळस आली नाही अशी एकच गोष्ट होती, ती माझ्या फडक्यात होती.

मी बोलले काय, तर मामा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका. बस, एवढंच. त्यांनी घेतलंही. कुठलं रक्त म्हणणाऱ्या आपल्या आईला मी रोज काय तपासते ते ठाऊक आहे. तिचंही रक्त दर तिमाहीला मीच काढते. तिच्या नळीवर नावाची चिठ्ठी लावली नाही तर मला तरी ती ओळखू येईल का? मामा-मामीच वाईट आहेत असं म्हणून मी मोकळी झाले असते, पण ते आईने म्हटलं. तिने तेच हात धुऊन मला जेवायला वाढलं, भाजी कशी झाली म्हणून विचारलं, आणि मला तिच्या हातांकडे बघवेना. स्वतःच्या आईच्या हातांची शिसारी येणं ही काय गोष्ट आहे हे तुला सांगता येत नाही. तिने आपल्याला वाढवलं ते हेच हात. मी दोन्ही गोष्टी एकत्र धरून बसलेय, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आणि मग, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी स्वतःला विचारलं की मी तरी वेगळं काय करत होते? पुस्तक उघडून कानातले केस मोजताना मला काय हवं होतं? हमीच ना? घरात आलेला जीव आपल्याला त्रास देणार नाही याची छापील हमी. तू मुलीचं कळवलंस, त्यानंतर मी मांजर आणलं. आधी नाही. हे मी मनात रंगीत तालीम म्हणून केलं का? माहीत नाही. केलं असेल तर तीही घाणच. तुझ्या मुलीची आणि मांजराची तुलना करायची मला लाज वाटते, आणि तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मला मांजरामुळेच कळली. तू लिहिलंस की ती फार गुणी आहे, कोपऱ्यात बसून राहते, काही मागत नाही, सांगितलं ते ऐकते. त्यावर फार विसंबू नकोस. तुझ्या घरी आल्यावर ती कधीतरी ताट भिरकावेल, तुला चावेल, तू नको आहेस म्हणून ओरडेल. त्या दिवशी या घरातून फोन येईल आणि मामा ते दोन शब्द उच्चारतील. तेव्हा तू फोन ठेवून दे. तिला तेवढं ओरडायची हिंमत झाली, ती तुझ्या घरात झाली. मांजर अजून मांडीवर बसत नाही, बसेलसं वाटतही नाही. हातभर अंतरावर बसतं आणि माझ्याकडे पाठ करतं. डॉक्टर म्हणतात, पाठ करणं हा विश्वास असतो. असेल. मला तेवढं पुरतं, तुला पुरायला हवं असं नाही.

हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलं नाही, बारके. रविवारी निघताना मामा दारात थांबले, बूट घालता घालता हळू आवाजात म्हणाले, तूच लिही तिला. आमचं ऐकणार नाही, आईशी भांडेल, तुझं ती ऐकते. सरळ नको लिहूस, तुला लिहिता येतं चांगलं, या मांजराचंच उदाहरण दे, समजेल तिला. आई मागे उभी राहून मान हलवत होती. तिचं नाव ती देणार नाही. हे तिने तुला स्वतः सांगायला हवं होतं, तिच्याऐवजी मी सांगतेय. काल मामांनी फोन करून विचारलं, लिहिलंस का? मी म्हटलं, लिहितेय. उदाहरण दिलंस ना? म्हटलं, सगळं पत्र तेच आहे. ते खूश झाले. माझं तू ऐकतेस एवढी त्या दोघांना खात्री आहे, तर ऐक. आईच्या नावाच्या जागी माझं नाव घाल. सही करायला मी स्वतः येते, आणि येईन तेव्हा तिला भेटल्याशिवाय परत जाणार नाही, ती माझ्याशी बोलली नाही तरी.

तुझीच, आणि आता तिचीही,
ताई