भाग पाचमध्ये रेणू मरणार

८ मार्च, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण सूड. सूड नीट घ्यायचा तर नोंदी पाहिजेत.

प्रकरण असं. धम्मदीपा कारंज्याला मेडिकलवर कामाला आहे, शनिवारी घरी इंझोरीला येते. आज आली, जेवायला बसली आणि हातात भाकर असतानाच म्हणाली, "दादा, भाग पाच पोहरादेवीच्या यात्रेआधी झाला त झाला. नाई त सहापासून चित्रं वाशिमची निकिता काढन. ते पानं टायमावर देते."

सख्खी बहीण. 'सोन्याचं देणं' ही मांगा मालिका, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, आम्ही दोघांनी मिळून काढली. कथा तिची, संवाद तिचे, पानावरच्या चौकटी कशा पाडायच्या ते ती ठरवते. चित्रं माझी. म्हणजे जवळपास सगळं माझंच. संवाद कोण वाचतं.

बाबांनी फक्त विचारलं, "निकिता कोनाची?" मुलगा उद्ध्वस्त होतोय आणि यांना निकिताच्या बापाचं नाव पाहिजे.

९ मार्च, रविवार
योजना तयार. फारच चांगली आहे.

मालिकेत वज्र आणि रेणू हे भाऊ-बहीण किमयागार आहेत. नियम असा की किमया एकाने करायची आणि किंमत दुसऱ्याने द्यायची. वज्र लोखंडाचं सोनं करतो तेव्हा रेणूच्या जिभेची चव जाते. रेणू कोरड्या विहिरीला पाणी आणते तेव्हा वज्र हसणं विसरतो. हा नियम धम्मदीपानेच काढला. मला तो कधी पटला नव्हता. आता पटला.

भाग पाचमध्ये वज्र किमया करत सुटणार. रेणू किंमत देत देत राख होणार. रेणूच नाही तर भाग सहा कशाचा? निकिता बसेल वाशिमला पेन्सिली मोजत.

धम्मदीपाला सांगितलं, भाग पाच मी एकटाच करतो, तुला त्रास नको. ती म्हणाली, "कर न बाप्पा." एवढ्या सहज म्हणाली की राग दुप्पट झाला.

११ मार्च, मंगळवार
रोज दोन पानं, असा निश्चय. आज सुरुवातीचा दिवस असल्याने निश्चयच केला.

१६ मार्च, रविवार
संवाद लिहायला बसलो. वज्र म्हणतो, "रेणू." रेणू म्हणते, "काय?" पुढे सुचलं नाही. दुपारपर्यंत थांबलो.

निर्णय: भाग पाचमध्ये एकही शब्द नसेल. मोठ्या कलाकाराला शब्द लागत नाहीत.

१८ मार्च, मंगळवार
चौकटी पाडायला घेतल्या. एका पानावर पाच पाडल्या तर वज्राचं डोकं एका चौकटीत आणि मुकुट दुसऱ्या चौकटीत गेला.

निर्णय: एका पानावर एकच चित्र. भव्य दिसतं.

२३ मार्च, रविवार
सुडाने हाताला वेग येतो. पहिल्या पानावर दोघं एका ताटात भाकर खातात. प्रत्येक भाग असाच सुरू होतो, म्हणून ठेवलं. मग वज्राला सोन्याचं कडं, रेणूची सावली गेली. वज्राला घोडा, रेणूचा आवाज गेला. तोंड उघडं आणि गळ्यावर हात, असं दाखवलं. फार समाधान वाटलं.

धम्मदीपाचा मेसेज: "कुठवर आलं?" उत्तरात नुसता अंगठा पाठवला. सूड घेणाऱ्या माणसाने जास्त बोलू नये.

३० मार्च, रविवार
रेणूचा उजवा हात गेला. वज्राला वाडा मिळाला. आई मागे येऊन उभी राहिली नि म्हणाली, "जेवलास का नाई? तीन दिवसापासून मान वर नाई करून राह्यला तू." तिला सांगितलं, कलेला वेळ द्यावा लागतो. ती म्हणाली, "आतापरेंत काहून नाई दिला मंग?" सगळी मंडळी धम्मदीपाच्याच बाजूची.

२ एप्रिल, बुधवार
झाली. चाळीस पानं. शेवटच्या पानावर वज्र सिंहासनावर एकटा, डोक्यावर मुकुट, मुठीत राख. मुकुटाला पूर्ण दिवस दिला.

आधीच्या भागांना धम्मदीपा मागच्या मुखपृष्ठावर बाण काढून सूचना छापायची: थांबा, हे पुस्तक उजवीकडून सुरू होतं, मांगा जपानी पद्धतीने वाचतात, पलटवून घ्या. ती सूचना तिची होती. काढून टाकली. त्या जागी मालिकेचं नाव आणि खाली ठळक 'संघपाल'. आता पुस्तक पुढून धरा की मागून, माझंच नाव दिसतं.

छपाईचं माझा मित्र हेमसिंग पाहतो आहे. पोहरादेवीला यात्रेत त्याचं खेळण्यांचं दुकान लागतं. आपली पुस्तकं तिथेच ठेवतो.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी
दुपार. यात्रेत पाय ठेवायला जागा नाही. हेमसिंगच्या दुकानात प्लास्टिकच्या बंदुका, शिट्ट्या, आणि मधोमध रेणूचा मृत्यू.

शेजारी बांगड्या विकणारी रुपाबाई एक प्रत चाळत होती. शेवटाकडे पोचली आणि पदराने डोळे पुसले. रेणूसाठी रडली. माझ्या पेन्सिलीने म्हाताऱ्या बाया रडतात. निकिता काढून दाखवू दे असं एक पान.

संध्याकाळ. सगळ्या प्रती संपल्या. घरच्यांसाठी दोन ठेवल्या. सूड पूर्ण.

७ एप्रिल, सोमवार
हेमसिंगचा फोन. म्हणाला, "यार संघपाल, तुनं त रडवलं राजा. राखेतून बहीन उभी केली."

त्याला समजावलं की बहीण राख होते. तो म्हणाला, "अबे म्या पुरी पायली न. सुरूला राजा एकटा बसून हाय, मुठीत राख. मंग मुकुट जाते, वाडा जाते, घोडा जाते, अन् पोरीले एक एक करून हात येते, आवाज येते, सावली येते. शेवटी दोघं एका ताटात भाकर खाते. रुपाबाई म्हने, असा भाऊ सगळ्याइले भेटो."

फोन ठेवला. प्रत हातात घेतली. आपल्याकडच्या कोणत्याही पुस्तकासारखी डावीकडून उघडली.

त्याचं बरोबर आहे.

शब्द नाहीत, चौकटी नाहीत, बाण नाही. कुठल्या बाजूने वाचायचं हे कुणाला कळायला काही जागाच ठेवली नाही. सगळी यात्रा माझा सूड उलटा वाचून घरी गेली.

८ एप्रिल, मंगळवार
घरची एक प्रत आईने पाहिली. आईला अक्षरं जुळवायला वेळ लागतो म्हणून आधीचे चार भाग तिने कधी पुरे केलेच नाहीत. हा केला. डावीकडून. चुलीपुढे बसून म्हणाली, "तिच्यासाठी मुकुट काहाडून ठेवला रे बाबू तू. मले वाटे तुमचं दोघाइचं बिनसलं." ताटात दोनदा भाजी वाढली.

आता हिला कसं सांगणार? दुसऱ्यांदा वाढलेली भाजीही खाल्ली.

१० एप्रिल, गुरुवार
शांतपणे विचार केला. वाचक चुकत नसतो. माझ्या मनात खोलवर हेच असणार. विहाराजवळ संध्याकाळी लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं की पहिल्या चित्रापासून असंच ठरवलं होतं. बाबा बाजूला उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी याआधी असा हात कधी ठेवला ते आठवत नाही.

सुडापेक्षा हे बरं निघालं. एकच अडचण. धम्मदीपाला मांगा उजवीकडून वाचायची सवय आहे.

१२ एप्रिल, शनिवार
धम्मदीपा जयंतीसाठी आली. पिशवी ठेवली नाही तोच आईने पुस्तक हातात दिलं. "पाय तुह्या दादानं तुह्यासाठी काय केलं."

तिने पुस्तक घेतलं. पलटवलं. उजवीकडून उघडलं. मी चपला शोधू लागलो.

एकेक पान पाहत होती. हात गेला तिथे थांबली. आवाज गेला तिथे जास्त थांबली. आई म्हणाली, "हाय का नाई चांगलं?" ती म्हणाली, "हाय आई. लय मन लावून काढलं त्यानं."

आई चहाला गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, रेणू राख झाली. मंग वज्राले भाकर कोन देते? त्याले त चूल पेटवता येत नाई. चार दिवसात मरते तो त्या सिंहासनावर."

याचा मी विचार केला नव्हता. म्हटलं, "सोनं आहे की त्याच्याकडे."

"सोनं खाते का तो?"

मग म्हटलं, तू निकिताचं नाव काढलंस, म्हणून झालं हे सगळं.

ती म्हणाली, "निकिताले म्या विचारलंच नाई. ते एमपीएससीचा अभ्यास करून राह्यली, तिले कुठचा टाइम. मले पानं टायमावर पायजे होते. प्रेमानं मागतले चार भाग, एकबी टायमावर नाई आला. हा आला."

पुढे म्हणाली, "पन आवाज जाते ते पान तू हसत हसत काढलं, हे दिसते." आणि चहा घ्यायला उठली.

आईला काही सांगितलं नाही. बाबांनाही नाही. मी सांगावं असंही म्हणाली नाही. हे सगळ्यात वाईट.

१४ एप्रिल, सोमवार
मिरवणुकीत तिच्या शेजारी चाललो. ओळखीच्या बायांनी धम्मदीपाला थांबवून सांगितलं, नशीबवान आहेस. ती प्रत्येकीला म्हणाली, "हो न." आणि दर वेळी माझ्याकडे बघायची. एवढं कुणी मला आजवर मारलेलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
धम्मदीपा सकाळच्या गाडीने कारंज्याला गेली. टेबलावर भाग सहाची कथा ठेवून गेली. काल जागून लिहिली असावी.

रेणू आता राखेतून परत आली आहे, लोकांनीच आणली, असं तिने पहिल्या ओळीत लिहिलंय. वज्र तिला शोधत यात्रेत फिरतो. पूर्ण भाग यात्रेत. प्रत्येक पानावर सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत गर्दी. गर्दीतल्या कुणाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नसावा. सगळ्यांना दोन्ही हात असावेत. खाली लिहिलंय: बुद्धपौर्णिमेपर्यंत.

हा उघड सूड आहे. मी ओळखला. याला उत्तर मिळेल, आणि असं मिळेल की ती लक्षात ठेवील. आधी ही पहिली चौकट करून टाकतो. सकाळपासून बसलोय. एका म्हातारीचा अर्धा चेहरा झाला आहे, आणि तो दुसऱ्यांदा भाजी वाढणाऱ्या आईसारखा आला आहे. खोडतो.