आपत्कालीन गच्ची

४ फेब्रुवारी
रिटायर होऊन चार दिवस झाले. फोनवर एक व्हिडिओ पाहिला. युद्ध, संप, पूर, काहीही होऊ शकतं आणि तीन दिवसांत शहरातली भाजी संपते. आमच्या सक्करदरा भागात एकानेही याचा विचार केलेला नाही. मी केला.
निर्णय: १ एप्रिलपासून घरात बाहेरची भाजी बंद. गच्ची सहाशे स्क्वेअर फूट. माणसं तीन. मी, बायको मधुवंती आणि मोठी बहीण यमुताई. सहज जमेल.

९ फेब्रुवारी
चाळीस ग्रो-बॅग आणल्या. माती कमी पडली म्हणून मधुवंतीच्या सोळा कुंड्या रिकाम्या केल्या. शेवंती, जास्वंद वगैरे होतं. संकटात माणूस जास्वंद खात नाही हे तिला समजावून सांगितलं. ती रिकाम्या कुंड्या एकात एक रचत राहिली. ऑफिसात तीस वर्षं हाच अनुभव आहे: हरकत आली नाही म्हणजे प्रस्ताव मंजूर.

१० फेब्रुवारी
शेजारच्या प्रेमानंदने भिंतीवरून डोकावून पाहिलं. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. पेंटच्या जुन्या बादल्यांत काहीबाही लावतो आणि त्याला येतंही. पण नियोजन शून्य. त्याने विचारलं की दुधीचं बी कुठलं आहे. मी म्हटलं, एका कुंपणावर जुना वेल वाळला होता, तिथलं. देशी. तो म्हणाला, जंगली वेलाचं परागण झालं असेल तर फळ कडू निघतं, आधी चाखून पाहत जा. सल्ल्याबद्दल आभार मानले. लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

१ एप्रिल
बंदी लागू. भाजीवाली सत्यवती रोज सकाळी गाडी घेऊन गल्लीत येते. तिला दारातच सांगितलं की हे घर आता तुझं गिऱ्हाईक नाही. ती बरं म्हणाली. वाईट वाटलं, पण प्रत्येकाची पोटापाण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.
पहिली काढणी: मेथी, मूठभर.
जेवायला मेथीची भाजी, पातेलंभर. ताईने दोनदा घेतली. बाजारची मेथी शिजून आटते, घरची फुगते. याचा कुठेच उल्लेख वाचनात नाही.

१२ एप्रिल
सकाळी वांगी मोजली. दोन. दुपारी ताटात भरली वांगी, मोजून नऊ. मधुवंतीला विचारलं. तिने मान खाली घालूनच सांगितलं की पानांआड होती. निरीक्षण वाढवलं पाहिजे. उत्पादन माझ्या अंदाजापेक्षा साडेचार पट आहे.

२० एप्रिल
कॉलनीच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं बोललो. विषय: वीस दिवस बाहेरची एक काडीही नाही. लोक थक्क झाले. मधुवंती मध्येच उठून गेली. स्वयंपाक राहिला होता म्हणे.

६ मे
पंचेचाळीस डिग्री. दुधीच्या वेलाला दिवसाला दोन बादल्या पाणी लागतं. ताईच्या खोलीतल्या कूलरलाही दोनच. नळाला पाणी अर्धा तास.
खूप विचार केला. ताई शहात्तर वर्षांची आहे, तिने आयुष्यातले निम्मे उन्हाळे कूलरशिवाय काढले. वेलाला तशी सवय नाही. कूलर दुपारी एक ते तीन.
ताईला विचारलं. ती म्हणाली की तिला तसंही गरम होत नाही. अंगावरचं लुगडं ओलं करून घेते ती, तेही सायन्सच आहे.

८ मे
ताईच्या खिडकीवरची हिरवी नेट काढून वेलावर बांधली. चार दुधी लागले आहेत. एक तर माझ्या हाताएवढा. मधुवंती नेटबद्दल दोन वाक्यं बोलली. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ताईनेच मला वाढवलं, अशा आशयाची. मला माहीत आहे. म्हणूनच तिच्यासाठी एवढं करतो आहे.

१८ मे
मधुवंती भाच्याच्या लग्नाला रामटेकला माहेरी गेली. दोन दिवस. संधी उत्तम. फुल ड्रिल: अठ्ठेचाळीस तास फक्त गच्ची.
सकाळी वर गेलो. मेथी नाही. पानांआडही वांगी नाहीत. उन्हाचा परिणाम एका रात्रीत होतो, नोंद घेतली.
दुधी आहेत. मोठा कापला. जिभेच्या टोकावर ठेवला, कडू. म्हणजे औषधी. ताईला शुगर आहे, तिच्यासाठी मोठा ग्लास रस काढला. मला ॲसिडिटी असल्यामुळे मी बिस्किटं खाल्ली. कुठल्याही प्रयोगात एक जण तुलनेसाठी लागतोच.
ताई एक घोट घेऊन म्हणाली की फार कडू आहे. मी म्हटलं, ताई, तीन महिन्यांची मेहनत आहे ही. मग तिने डोळे मिटून सगळा ग्लास संपवला. ग्लास विसळून जागेवरही ठेवला.

१८ मे, दुपारी २
ताईला उलट्या. शरीर शुद्ध होताना असं होतं.

१८ मे, दुपारी ४
उलटीत रक्त. प्रेमानंदला हाक मारली. त्याने एकट्याने तिला उचलून गाडीत ठेवलं. तिचं वजन इतकं कमी झाल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. निघायच्या घाईत वेलाला पाणी घालायचं राहिलं.

१९ मे
ताई आयसीयूत. बीपी लागत नव्हतं, आता लागतं. डॉक्टरने सांगितलं की कडू दुधी म्हणजे विष, आणखी तासभर उशीर केला असता तर हाती काही उरलं नसतं. मग ताईला विचारलं, आजी, दुधी कुठला होता?
ताईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "गाडीवरचा."
प्रेमानंद तिथेच उभा होता. तो बाहेर निघून गेला.

२० मे
शांतपणे विचार केला. ताई उभ्या आयुष्यात खोटं बोललेली नाही. म्हणजे गाडीवरचाच असणार. मधुवंती जाताना फ्रिजमध्ये ठेवून गेली असेल आणि घाईत अदलाबदल झाली असेल. माझा दुधी कडू होता, पण त्या प्रकारचा कडू नव्हता.
मधुवंती रामटेकहून थेट दवाखान्यात आली. माझ्याशी बोलत नाही. प्रवासाचा थकवा.

२२ मे
आज सत्यवतीला गाठलं. भर गल्लीत, चार लोकांदेखत. म्हटलं, तुझ्या दुधीने माझी बहीण मरता मरता वाचली, उद्यापासून या कॉलनीत दिसायचं नाही. आवाज थोडा चढला असेल.
तिने तराजू खाली ठेवला. म्हणाली, "साहेब, दुधी मी या महिन्यात आणलाच नाही. अन् तुमच्या घरची मेथी, वांगी एक एप्रिलपासून माझीच चालू हाय. बाई मागच्या दाराने घेतात. तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून सांगू नको म्हणे. त्या दिवशी बाई गावाले गेल्या, म्हणून मी आली नाही."
चौघांपैकी कोणीतरी हसलं. सगळेच असावेत.

२२ मे, सायंकाळी
गच्चीवर गेलो. वांग्याच्या रोपांची पानं उचलून पाहिली. एकेक. चाळीसच्या चाळीस बॅगा.

२९ मे
ताईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. मधुवंती तिला परस्पर रामटेकला नेणार आहे, आपल्या माहेरी. किती दिवस, विचारलं. ती म्हणाली की ताईंना विचारा, मला विचारू नका.
टॅक्सी खाली उभी होती. मधुवंती औषधं आणायला गेली, तेवढा वेळ मी आणि ताई. मी विचारलं की ती डॉक्टरशी खोटं काहून बोलली.
तिने लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तू सातवीत गणितात नापास झाला, तेव्हा बाबाले मीच सांगितलं होतं का मास्तरांनी पेपर चुकीचा तपासला. तुलेही तेच सांगितलं. मले सवय हाय गा."
मग मधुवंती आली. दोघींनी मिळून मला सांगितलं की चावी प्रेमानंदकडे आहे आणि दूधवाल्याला अर्धा लिटर पुरे.

टॅक्सी गेली. घरी येऊन हे लिहितो आहे.
ते मास्तर मी नोकरीला लागलो त्या वर्षी वारले. मी मयतीला गेलो होतो. हार घातला होता. लोकांना सांगितलंही होतं, की त्यांनी माझ्यावर अन्याय केला, पण मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं आहे.