तिसरं पातं

१३ ऑक्टो. ८६
दसरा झाला. दादा मुंबईहून आलाय. जेवायला बसल्या बसल्याच म्हणाला, रंधा मशीन विकूया, बाबांना आता दिसत नाही, चालवणार कोण? मी समोर भात वाढत होते. दोन वर्षं त्या मशीनवर फळ्या कोण साफ करतंय ते विचारलं नाही त्याने. सावंतवाडीचं गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार. शाळेच्या बाकांचं काम मी घेतलंय, ते गेलं उडत.

१४
पाती मात्र आजवर बाबाच बसवत. दिसेनासं झाल्यावरसुद्धा, चाचपून. खंडेनवमीला झिजलेली काढून पाटावर पुजली, तेव्हापासून मशीनचं डोकं, म्हणजे पाती बसतात तो फिरता रूळ, रिकामं. नवी कोल्हापूरहून आलीत. म्हटलं, मी बसवते.
बाबा : "पात्याक हात लावू नको गो. बोटां जातली."
दादा : "बाईमाणसाच्या हातान पाती बसणत नायत. लाकडार लाटा येतत."
येऊ देत. मीच बसवणार.

१५
पट्टा उतरवला. तीन पाती, तीन खाचा. मशीनच्या मागच्या टेबलावर सागाची सरळ पट्टी ठेवायची, डोकं हाताने फिरवायचं. पातं पट्टी जेवढी पुढे ओढेल तेवढ्यावर पेन्सिलीची खूण. तिन्ही पाती, दोन्ही टोकं, ओढ सारखी हवी. दोन जमली. तिसरं डावीकडे वरच. ठोकलं तरी खाली जाईना. तसंच आवळून फळी काढली, तर लाटाच लाटा.
दादा हसला. "बघलंस?"
रडू आलं. त्याच्यासमोर नाही रडले.

१६
काढलं, बसवलं. चार वेळा. तिसरं तसंच. बाबा खुर्चीतून, "हाताक वजन नाय तुझ्या."
वजन नाही म्हणे! विहिरीचं पाणी कोण ओढतं इथे?

१७
आज पातं बाजूला ठेवलं आणि खाचेतच विणायची सुई घातली. डाव्या कोपऱ्यात काहीतरी कडक. खरवडलं, तर तांदूळ. कुंकू आणि तेलात वाळून दगड झालेले चार दाणे. खंडेनवमीच्या अक्षता! बाबांनी मशीनवर मूठभर वाहिल्या, उघड्या खाचांत गेल्या. दिसत होतं तेव्हा नंतर ब्रशने झाडून काढत.
गप्प बसणार होते. राहवलं नाही.
"बाबा, माझ्या हाताक वजन आसा. तांदूळ तुमचे आसत."
बाबांनी हात पुढे करून दाणे चाचपले. मग, "देवाचे ते. तुळशीत टाक."
टाकले. पातं बसलं, सहाही खुणा एका जागी. फळी अशी निघाली की मीच बघत राहिले. बाबांनी तिच्यावरून तळहात फिरवला, परत फिरवला. शाबास म्हणायला जीभ जड.

१८
दादाला फळी दाखवली. "बरी आसा," एवढंच. उद्याचं गिऱ्हाईक रद्द कर म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं.

१९
गिऱ्हाईक आलं. दादाने माझीच फळी पुढे केली, "बघा, कशी साफ निघता!" माणूस खूश. ट्रक उद्याच पाठवतो म्हणाला. माझ्याच कामाच्या जोरावर मशीन घराबाहेर चाललं! डोक्यात तिडीक गेली. पाना घेतला, दोघांच्या देखत बोल्ट सैल केले, तिन्ही पाती काढून गोणपाटात गुंडाळली.
दादा ओरडला, "ह्या काय करतस?"
"मशीन घेवन जावा. पाती मियां बसयली, ती माझी."
पाती बाजारात मिळतात, मला कळतं. पण दुसऱ्याला आयतं देणार नाही.
गिऱ्हाईक म्हणालं, आधी घरात ठरवा, मग कळवा. गेलं.  संध्याकाळी दादा म्हणाला, ट्रक येतलोच. बघू.
दिवा लावत होते तर बाबांची हाक. दादा तिथेच होता.
"उद्या पाती बसवशीत तेव्हा माका मशीनकडे घेवन ये. पट्टी मी धरतंय."