जुनी गाडी न बदलल्याबद्दल

मी, हरिश्चंद्र केरू गोताड, वय वर्षे सहासष्ट, वीज खात्यातून निवृत्त वायरमन, राहणार खालचीवाडी, पावसजवळ, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, नशापाणी न करता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके शाबूत आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मूत्रपिंडे शाबूत नाहीत. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जाऊन रक्त धुऊन घ्यावे लागते, आणि हे फार दिवस चालणार नाही असे डॉक्टर मला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचताना मुलांना त्रास होईल. व्हावा, म्हणूनच मजकूर वकिलाच्या कारकुनाकडून लिहून न घेता मी स्वतः लिहिला आहे.

कलम 1. माझी पत्नी सोनूबाई दिनांक 23 जानेवारी 2019 रोजी मयत झाली. मला दोन अपत्ये. मुलगा विनीत, मुंबईत नोकरीला. मुलगी नम्रता, राजापुरास दिलेली. तिसरा माणूस ज्याच्याविषयी हे पत्र आहे तो माझा वारस नाही, नात्यातलाही नाही. धाकू गंगाराम नागले, माझा शेजारी, रिक्षा चालवतो. त्याच्या घरात आणि माझ्या घरात दगड रचलेला एक गडगा आहे, कमरेएवढा उंच.

कलम 2. राहते घर आणि घरामागची हापूसची अकरा कलमे ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती विनीत व नम्रता यांना निम्मी निम्मी मिळावी. विनीतच्या निम्म्याला एक अट आहे, ती कलम 8 मध्ये लिहिली आहे. बँकेत जे काही असेल ते नम्रताचे. विनीतने त्यावरून बहिणीशी भांडू नये. तिने आईची लुगडी धुतली आहेत, त्याने नाहीत.

कलम 3. माझी हत्यारे, म्हणजे पकडी, टेस्टर, खांबावर चढायचा पट्टा आणि रबरी हातमोजे, नम्रताने न्यावी. लहानपणी मी शिडीवर असताना खालून अचूक पकड हातात देणारी तीच होती. विनीत शिडी धरायला उभा राहायचा आणि आकाशातले विमान बघायचा.

कलम 4. माझी जुनी मोटारसायकल, सन 1989 ची, काळी, टू स्ट्रोक, बटण नसलेली, फक्त किकवर लागणारी, मी विनीतला देतो. कोल्हापूरकडचे हौशी लोक अशा गाड्या शोधत फिरतात हे मला माहीत आहे आणि विनीतलाही माहीत आहे. त्याने ती विकायची की ठेवायची हे त्याचे त्याने ठरवावे. ठरवण्यापूर्वी पुढचे वाचावे.

ही गाडी मी एकोणतीस वर्षे चालवली. तिच्यावरून शिडी नेली, तारांची भेंडोळी नेली, दोन्ही मुले टाकीवर बसवून शाळेत सोडली. ती मला कधी अडली नाही, असे मी लोकांना सांगत असे. ते खरे नव्हते. शेवटची चार वर्षे ती महिन्यातून दोनदा अडायची. पण बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे हा माझा धंदा होता आणि वस्तू बदलणारी माणसे मला आळशी वाटत.

सन 2018 च्या पाडव्याला सोनूबाईने हट्ट धरला. तिचे गुडघे गेले होते. जुन्या गाडीला मागे धरायला काही नव्हते. ती इतकी वर्षे माझा सदरा मुठीत धरून बसत आली होती. मी तिला घेऊन रत्नागिरीला एका दुकानात गेलो. ती लाल रंगाच्या एका गाडीवर मागे बसून बघत होती. म्हणाली, "ओ, बघा तरी. हिला हाताला धरायला कडी आहे." विक्रेता पोरगेला होता. त्याने बाहेर जाऊन माझी गाडी बघितली आणि म्हणाला, "काका, भंगाराच्या भावात जे येईल ते कमी करून देतो."

मी दुकानातून बाहेर आलो. सोनूबाईला गाडीवरून उतरायला वेळ लागला, तोवर मी किक मारून उभा होतो.

भाट्याच्या पुलावर ती मागून म्हणाली, "गाडीला भंगार म्हटलं तर तुम्हाला एवढं लागलं. माझ्या गुडघ्यांना तुम्ही काय काय म्हणता, ते मला लागत नसेल?"

मी म्हणालो, "इथंच उतरवू काय तुला?"

त्यानंतर तिने नव्या गाडीचा विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी विनीतचा फोन आला. "बाबा, घेतली नाहीत ना नवी? जुनी देऊ नका हं. माझं सगळं लहानपण त्या टाकीवर गेलंय." त्याच्या आईने बोलायला हात पुढे केला तोवर त्याने फोन ठेवला होता. निर्णय माझा होता. तो मी त्याच्या माथी मारत नाही. पण त्याला त्याचे लहानपण हवे होते, तर ते आता त्याने घेऊन जावे.

कलम 5. दिनांक 23 जानेवारी 2019, बुधवार. सकाळचे साडेसात. सोनूबाई मागल्या पडवीत कुळीथ निवडत होती. ती उठून पुढे आली ती छातीवर हात ठेवून. म्हणाली, "कळ येतेय. घामानं भिजले बघा." मी म्हणालो, "चल, रत्नागिरीला नेतो." ती म्हणाली, "गाडीवर नको. धाकूभावजींना हाक मारा. रिक्षा दारात दिसतेय."

रिक्षा दारात होती. चाळीस पावलांवर.

आता हे लिहायला हवे की धाकूने माझे काय वाईट केले होते. आठ दिवसांपूर्वी दुकानाच्या बाकावर चार माणसांदेखत तो म्हणाला होता, "हरीदादा, तुम्हाला पेन्शन मिळाली, आता गाडीला पण द्या." माणसे हसली. तोही हसला. एवढेच. याहून जास्त त्याने माझे काही केलेले नाही.

मी सोनूबाईला म्हणालो, "दोन किकमध्ये लागेल. बस."

गाडी लागली नाही. चोक ओढला, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकला, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला, परत बसवला. ती पायरीवर बसली होती. मध्ये एकदा म्हणाली, "ओ, हाक मारा हो." मी म्हणालो, "तू मध्ये मध्ये बोलू नको, माझं ध्यान जातं." हे मी तिच्याशी बोललेले शेवटचे वाक्य.

गडग्यापलीकडे धाकू विहिरीवर अंघोळ करत होता. त्याच्या बादलीचा आवाज मला येत होता. म्हणजे माझा आवाजही त्याला गेला असता.

वर बघितले तेव्हा ती पडवीच्या खांबाला टेकली होती आणि तिचे तोंड एका बाजूला झाले होते. आठ वाजून गेले होते. तेव्हाही मी हाक मारली नाही. मला ती मारता आली नाही. धाकू आपसूक आला, खांद्यावर पंचा टाकून, रिक्षा काढायला. त्याने बघितले, गडग्यावरून उडी टाकली, तिला उचलून रिक्षात घातले. पंचा गडग्यावरच राहिला. दवाखान्यात सांगितले की अर्धा तास आधी आणायला हवी होती.

कलम 6. संध्याकाळी विनीत आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने विचारले, "बाबा, एवढा उशीर का केलात? धाकूकाकाची रिक्षा नव्हती काय?"

मी म्हणालो, "धाकूला तीन हाका मारल्या. तो आला नाही."

हे मी आधी ठरवले नव्हते. तोंडातून गेले. धाकू तिथेच उभा होता. सकाळपासून तो उपाशी होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला आयकू आली नाय, दादा."

तुम्ही हाक मारलीच नाहीत, असे तो म्हणाला नाही. त्याच्या डोक्यात ते आले नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आल्यावर मी गाडी उघडली. प्लगच्या टोपीतली तार सुटली होती. जोडायला अर्धे मिनिट लागले आणि गाडी पहिल्या किकला लागली. चौतीस वर्षे मी लोकांच्या घरातल्या सुटलेल्या तारा जोडत फिरलो. विनीत घरात होता. त्याने बाहेर येऊन विचारले, "काय झालं होतं हिला?" मी म्हणालो, "काही नाही."

बाराव्याला धाकू जेवणाचे पान घ्यायला आला तेव्हा विनीतने सगळ्या भावकीदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. म्हणाला, "आता आलं ऐकू?" मी ओटीवर बसलो होतो. थांब, एवढा एक शब्द पुरला असता. मी तंबाखू मळत होतो. धाकू पान न घेता गेला. पुढच्या महिन्यात वाडीने शाळेची मुले त्याच्या रिक्षातून काढून घेतली. बाळंतपणाला, आजारपणाला कोणी त्याला बोलवीना. म्हणत, हाक ऐकू येणार नाही त्याला. तो महामार्गावर हातखंब्याला जाऊन परक्या गिऱ्हाइकांची वाट बघत उभा राहू लागला.

मग तो रत्नागिरीला जाऊन कान तपासून आला. मला कागद दाखवायला घरी आला. म्हणाला, "दादा, कान दोन्ही बरोबर आहेत म्हणतात. मग त्या दिवशीच नेमकं काय झालं असंल?" मी कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला. म्हणालो, "पाण्याच्या आवाजात राहिलं असेल." त्याने ते मानले. तेव्हापासून तो अंघोळीला फोन बरोबर नेतो आणि बादलीत पाणी हळू ओततो.

दरवर्षी सोनूबाईच्या श्राद्धाला तो येतो, फोटोला हात जोडतो आणि माझ्या पाया पडून माफी मागतो. मी त्याला माफ करतो. आजवर सहा वेळा केले आहे.

कलम 7. नवी मोटारसायकल विनीतने आई गेल्यावर महिन्याच्या आत आणून दारात उभी केली. कोणीही विचारले नाही की आता कशाला. ती बटणावर लागते. एकदाही चुकलेली नाही. तिच्या मागच्या सीटवर अजून कोणी बसलेले नाही. आजारपणामुळे आता मीही ती चालवत नाही. ती नम्रताची. तिला चालवता येते.

कलम 8. माझ्या तेराव्यानंतर आठ दिवसांत विनीतने देवळाच्या सभामंडपात वाडी जमवावी, धाकूला पुढे खुर्ची द्यावी आणि कलम 5 व 6 स्वतःच्या तोंडाने, एकही ओळ न गाळता वाचावीत. वाचून झाल्यावर ज्या हाताने मारले त्या हाताने धाकूचे पाय धरावेत. हे केले तर मिळकतीचे निम्मे त्याचे. न केल्यास सगळी मिळकत नम्रताची. केले की नाही हे नम्रताने ठरवायचे. मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्यावर सोपवतो. विनीत, तू म्हणशील की बाबांनी केलेले मी का भोगू. मारायच्या आधी तूही काही विचारले नव्हतेस.

हे मी जिवंतपणी का सांगत नाही, असा प्रश्न नम्रता विचारील. माझ्या रक्ताच्या वारीला धाकूच मला नेतो, तो भाडे घेत नाही, आणि परत आणल्यावर ओटीवर बसून माझ्याबरोबर कोरा चहा घेतो. वाडीत माझ्याशी एवढे बोलणारे दुसरे कोणी नाही. सांगितले तर तो यायचा बंद होईल. कारण एवढेच आहे, आणि ते मला लाज वाटायला पुरेसे असूनही मी सांगणार नाही.

कलम 9. गडग्यालगतची हापूसची चार कलमे धाकूला द्यावीत असे मी आधी लिहिले होते. वकील म्हणाले की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. दोहोंतले एक ठरवा. मी दोन दिवस विचार केला आणि कलमे खोडली. ती दिली असती तर लोक म्हणाले असते, हरीदादाचे मन मोठे, ज्याने बायको घालवली त्यालाही दिले. आणि सही त्याचीच हवी, म्हणजे विनीतला कागद खोटा म्हणता येणार नाही. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे माहीत नसलेल्या माणसाची सही कोण नाकारणार?

काल रत्नागिरीहून येताना मी त्याला म्हणालो, "धाकू, मृत्युपत्राला एक साक्षीदार हवा आहे."

त्याने रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून बघितले. "मला सांगताय, दादा? माझ्यावर भरवसा ठेवताय?"

"ठेवतो."

"वाचायला लागंल काय?"

"नाही. मी सही करताना तू नीट बघायचं आणि खाली तुझी सही करायची. साक्षीदाराचं काम तेवढंच."

त्याने पंच्याने तोंड पुसले. रिक्षा चालू केली. बरेच पुढे आल्यावर, समोर बघत म्हणाला, "बघीन. ह्या खेपेला चुकायचो नाय."

वरील सर्व मजकूर माझा असून तो मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. मजकूर त्यांना वाचून दाखवलेला नाही.

ठिकाण: खालचीवाडी, पावसजवळ, जि. रत्नागिरी
दिनांक: 11 फेब्रुवारी 2025

लिहून ठेवणार: (सही) हरिश्चंद्र केरू गोताड

साक्षीदार:
1. (सही) सुजय दत्ताराम बाणे, निवृत्त पोस्टमास्तर
2. (सही) धाकू गंगाराम नागले, रिक्षाचालक, शेजारी