अकरा महिन्यांचा चुन्नीलाल

२ जुलै १९५४
मार्चपासून या वहीत एक ओळ नाही. बदलीची सबब सांगणार नाही; चुकले. सौंदडहून बैलगाडीने दीड कोस आत येऊन आज शिशुकेंद्राचा ताबा घेतला. दोन खोल्या, आढ्याला टांगलेला वजनकाटा, त्याला कापडाची झोळी. बायांनी लगेच 'चष्मेवाली बाई' नाव ठेवलं. त्रेचाळिसाव्या वर्षी नवं गाव! मजा वाटते आहे.

९ जुलै
रोवणा सुरू झाला. आया दिवसभर बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, चिखलात वाकून धान लावतात आणि तान्ही मुलं राजकुमारीबाईंच्या ओसरीवर ठेवतात. या जुन्या मालगुजारांच्या, इथल्या जमीनदारांच्या, सूनबाई. त्यांचा चुन्नीलाल अकरा महिन्यांचा, अठरा पौंड, उजव्या भुवईवर तीळ. रीत अशी की प्रत्येक बाळाला घटकाभर त्याच्या पाळण्यात निजवायचं, म्हणजे मोठ्या घरचं बाळसं लागतं. सात बाळं, एकही रडत नाही. अहवालात 'आदर्श पाळणाघर' असं लिहिलं. रुख्मा पाच महिन्यांच्या शामकलेला पाठीशी बांधून बांधीत नेत होती. मीच तिला दटावून पोर तिथे ठेवायला लावली.

१६ जुलै
वजनाचा दिवस. आठही बाळं मिळून सहा पौंडांनी घटली. शामकला पालथी पडत होती, आज मानही धरेना. गप्प निजावीत म्हणून आया अफूच चाटवत असतील, दुसरं काय! बायांना नको नको ते बोलले. रुख्मा ताडकन म्हणाली, "अफू कायले देऊ वो बाई? तुमीच सांगतलं ना तेथं ठेव म्हून?"
मी पुढचं बाळ झोळीत घातलं.
चुन्नीलाल चोवीस पौंड.

२० जुलै
काटा बिघडला असेल म्हणून वजनमापं टांगून पाहिली. काटा खरा आहे. मग आधीच्या बाईंचं रजिस्टर काढलं. १९४९: चुन्नीलाल, अकरा महिने, भुवईवर तीळ. १९५१: अकरा महिने. १९५३: अकरा महिने. प्रत्येक रोवण्यानंतर त्याच्याखालच्या सहा-सात नावांवर लाल रेघ, पुढे 'मयत'. सगळ्या गावाला ठाऊक! दाई मंदाबाई म्हणाली, जमीन त्याइची हाये, बोलाचं कोनं? थुंकावंसं वाटलं. पण कोणावर? 'आदर्श' हे अक्षर माझंच.

२१ जुलै
रजिस्टर राजकुमारीबाईंपुढे आपटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साल पूरा हुआ कि लल्ला चला जाएगा, बाई. पहले तीन ऐसे ही गए. आपको है कोई बच्चा?"
नाही. म्हणून काय दुसऱ्यांची मुलं—
रजिस्टर उचलून तडक निघून आले. रागाने. भीतीनेही, खोटं कशाला लिहू.

२२ जुलै
शामकला दहा पौंड. डोळे उघडे. पाळण्यातून उचलायला गेले तर चुन्नीलालने तिची मूठ धरलेली— सोडेना— हसत होता. रुख्मा चिखलाच्या पायांनी धावत आली. दोघींनी ओढली.
दुपारी चार. केंद्रावर पोर माझ्या मांडीवर रडली! केवढ्याने! बांधीतल्या साऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या.
बाकीची सात अजून तिथेच. रुख्मा आणायला गेली आहे.
शामकला एकदम गप्प झाली. काट्याकडे बघते आहे. झोळी रिकामी— पण खाली ओढली जाते— काटा अठरा— चोवीस— चुन्नीलालचं वजन—
उद्याचं एकच काम: पाळणा फोडणे. रुख्माला सांगायचं, कुऱ्हाड—