बाबांनी आवळलेली चकती

ऑरिन,

मी एल्क हरणाच्या शिकारीला डोंगरात जाते आहे, रविवारी परतेन. सूप फ्रीजमध्ये आहे, आईला गरम करून दे.

बाबांचं रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र तुला ओळखू येणार नाही. सगळा गंज घासून काढला, तेल दिलं. दांडा आता एका बोटाने खाली येतो. त्यांना पुरून आल्यावर तू म्हणालास, "भंगार आहे, विकू या. आता काडतुसं भरणार कोण, तू?" हो, मी. बोझमनहून तुझं गिऱ्हाईक आलं तर त्याला कॉफी पाज आणि वाटेला लाव. यंत्र मी पुन्हा टेबलाला बोल्टने जखडलंय आणि पाना माझ्या ट्रकमध्ये आहे.

एकच गोष्ट खोलली नाही. काडतुसाला आकार देणाऱ्या साच्याची उंची पक्की करणारी चकती बाबांनी त्यांच्या रायफलच्या मापाला लावून आवळली होती. तिच्याखाली गंज आहे, तो राहील. त्याच मापावर मी दारू तोलून नवी काडतुसं भरली. पहिलंच त्यांच्या रायफलमध्ये अलगद बसलं, त्यांच्या हातचं बसायचं तसं.

ती चकती सोडवायचीच असेल, तर मी घरात असताना सोडव.

मार्लिस