मागच्याला दिसते ती गोळी

प्रिय बाबा,

दिसली रे! आज मला गोळी दिसली. रायफलीतून सुटलेली, हवेतून जाताना, या माझ्या डोळ्यांनी! रेंजवरून आत्ताच चारकोपला घरी पोचलेय, बूटसुद्धा काढलेले नाहीत. हे तुला नाही तर कुणाला सांगू? आई आल्यापासून तुझ्या खुर्चीत डोळे मिटून बसलीये. म्हणून कागद घेतला.

फौजेतल्या गोष्टी निघाल्या की तू हमखास सांगायचास, "लांब पल्ल्यावर गोळी जाताना दिसते. पण मारणाऱ्याला नाही, मागच्याला." पाहुण्यांसमोर तर जास्तच! आणि आई स्वयंपाकघरातून हाणायचीच, "गोळी दिसता म्हणे! नाकावरचो चष्मो गावणा नाय ह्यांका!" सगळे फिदीफिदी हसायचे. तूही हसायचास. एकदा तरी आवाज चढवून सांगायचं होतंस ना, की अगं, खरंच दिसते!

मी नेमबाजीत पडले तेव्हापासून तू माझ्या मागे. म्हणजे अगदी खरोखरच मागे. मी जमिनीवर पालथी, रायफल खांद्याला, आणि पाठीशी तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून तू. वारा किती, कुठून, ते तू सांगायचं आणि चाप मी ओढायचा. मला कशी दिसणार गोळी? धक्का बसला की डोळ्यांपुढचं सगळं उडतं, आणि परत नीट दिसेपर्यंत ती पोचलेली असते. मग तुझा आवाज, "पुढची." मधोमध बसली तरी "पुढची", भलतीकडे गेली तरी "पुढची". जेवताना चपाती संपली तरी ताट सरकवून "पुढची"! आई वैतागायची, "ही रेंज न्हय हां!"

भांडण आपलं एकाच गोष्टीवरून, तुझ्या दुर्बिणीवरून. कधीही बघावं तर समोरचा निशाण्याचा बोर्ड धूसर. मी फोकस नीट करून ठेवायचे, तू मुकाट्यानं रिंग फिरवून परत बिघडवायचास. रिंगवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होतास, बरोब्बर तिथेच आणायचास. "बाबा, मोतीबिंदू झालाय तुला, चल डॉक्टरकडे." तर म्हणे, "तू नेम धर. बघायचं मी बघतो." झालं, विषय बंद.

खरं सांगू? या वाक्याचा फार राग येतो मला. पुढे झोपून गोळी मारायला शिकवलंस, मागे बसून बघायला का नाही शिकवलंस? काय वाटलं होतं, तू कायमचा मागे राहणार? दिवाळीनंतर एका सकाळी छातीत कळ आली आणि निघून गेलास. रायफल कुलपात गेली. एक मारणारा, एक मागे बघणारा अशा जोडीची ट्रायल आहे, नाव देतेस का, असं विचारायला फोन आला तर मी सरळ नाही म्हटलं. माझ्या मागे कोण होतं सांग ना!

मुलुंडची श्रुती आठवते ना, माझ्याबरोबर शिकायला यायची ती? तिनं काही पिच्छा सोडला नाही. "यार मनू, मारू नकोस. नुसती माझ्या मागे बस. नाव द्यायला अजून वेळ आहे." म्हणून आज गेले. तर आई म्हणाली मीपण येते. बाबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेंजवर आली ती! डोक्यावर पदर, त्यावर कानाचे ते आवाज अडवणारे मोठाले मफ. तू असतास तर फोटोच काढला असतास.

तुझीच दुर्बीण नेली होती, तिला डोळा लावला. धूसर! सवयीनं हात रिंगवर गेला आणि तो लाल ठिपका दिसला. तू शेवटची फिरवलीस तशीच होती रिंग. माझ्यानं हलवेना. म्हटलं, असू दे, आज बाबाच्या डोळ्यांनी बघू.

ऊन पाठीवर होतं. श्रुतीनं चाप ओढला. आणि बाबा, तापल्या तव्यावर हवा थरथरते ना, तशी एक रेघ सरसरत गेली! बोर्डाच्याही चांगली वर चढली, वाकली, आणि अलगद खाली येऊन आत शिरली. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. तू दुर्बीण बोर्डावर लावायचासच नाही! अलीकडे, मधल्या मोकळ्या हवेवर लावायचास, जिथून गोळी जाते तिथे. म्हणून बोर्ड धूसर. मोतीबिंदू डोंबलाचा!

श्रुतीला म्हटलं, सरक, मला मारायचीये. ती मागे बसायला निघाली तर आई मध्येच, "थांब गो, आदी माका बघूंदे." मी आडवी झाले, श्वास सोडला, चाप ओढला. धक्का बसला.

मग आई हळूच म्हणाली, "गेली गो... वरसून गेली." आणि लगेच, "खराच सांगत होते गो हे."

मी वळले नाही. वळले असते तर तिथेच हंबरडा फोडला असता. मागे नाक ओढल्याचं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या, आणि मग अगदी तुझ्यासारख्याच कोरड्या आवाजात आई म्हणाली, "पुढची."

बाबा, नाव दिलंय मी. श्रुती आणि मी, आलटून पालटून, एक पुढे, एक मागे. तिला तो ठिपका दाखवलाय, रिंग तिथून हलणार नाही. आणि या घरात तुला थापाड्या म्हणून कुणी हसणार नाही, हा माझा शब्द. आता पाहुणे आले की गोळीची गोष्ट आईच सांगेल.

तुझीच,
मनू